टॅपेटची टकटक शोधणं आणि लिफ्टरचा प्रीलोड लावणं

प्रश्न थोडक्यात असा: जुनं शेव्हरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८, हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (म्हणजेच लिफ्टर), स्टडवर बसणारे १.५ रेशोचे रॉकर. हेडचं फेसिंग करून नवीन गॅस्केट टाकल्यावर इंजिन थंड असताना ठीक चालतं, गरम झालं की आयडलला एका बाजूने टकटक करतं. बसवताना पुशरॉड बोटांत फिरवत, तो अडकेपर्यंत रॉकरचा नट आवळला आणि वर एक फेरा दिला. आवाज जाईना म्हणून जाड ऑइल घातलं, मग त्या बाजूचे आठही नट आणखी अर्धा अर्धा फेरा आवळले. आवाज बराच दबला, पण आता आयडलला इंजिन थरथरतं. नट नेमके कुठवर आवळायचे?

तपासणीपुरतं सोडलं तर सध्या इंजिन चालवू नका. आवाज दबला आणि थरथर सुरू झाली, याचा अर्थ दुखणं तसंच आहे, फक्त झाकलं गेलं आहे. हे कसं घडतं ते कळलं की पुढची सगळी कामं सरळ होतात, म्हणून आधी लिफ्टरच्या आत काय चालतं ते पाहू.

कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला, आणि ती रॉकर नावाच्या तरफेतून व्हॉल्व्ह उघडते. हायड्रॉलिक लिफ्टर म्हणजे एक बॉडी, तिच्या आत वरखाली सरकणारा प्लंजर, प्लंजरखाली एक हलकी स्प्रिंग आणि ऑइल अडवणारा छोटा चेक व्हॉल्व्ह. कॅमच्या गोल पाठीवर लिफ्टर असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सगळा खेळ भरून काढते आणि खालच्या पोकळीत ऑइल भरतं. लोब वर आला की चेक व्हॉल्व्ह बंद होतो, ऑइल दाबलं जात नाही, आणि लिफ्टर भरीव असल्यासारखा पुशरॉड उचलतो. प्लंजर आणि बॉडीच्या मधल्या अगदी बारीक फटीतून थोडं ऑइल मुद्दाम गळू दिलेलं असतं, ते पुढच्या फेऱ्यात पुन्हा भरतं. प्रीलोड म्हणजे कॅमच्या पाठीवर असताना पुशरॉडने प्लंजरला वरच्या, त्याला बाहेर येऊ न देणाऱ्या क्लिपपासून किती खाली दाबून ठेवलं आहे ते अंतर. क्लिपपासून तळापर्यंत प्लंजरची एकूण धाव साधारण ३ ते ५ मिमी असते, बनावटीप्रमाणे बदलते. या धावेत प्लंजर कुठेही असला तरी निरोगी लिफ्टर आवाज करत नाही आणि व्हॉल्व्हही उघडा धरत नाही. म्हणून प्रीलोडला टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे साध्या टॅपेटला मुद्दाम ठेवतात ती फट, समजू नका. क्लिअरन्स चुकला की लगेच ऐकू येतो. प्रीलोड बराच चुकला तरी दोन्ही टोकं गाठेपर्यंत काही कळत नाही.

आता तुमच्या अर्ध्या फेऱ्याकडे या. एखाद्या लिफ्टरचा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर लोब वर येताना प्लंजर तळापर्यंत बसतो. जेवढी धाव खाली शिल्लक होती तेवढी फट पडते, आणि ती फट मिटताना टक वाजते. नट आणखी आवळला की प्लंजर आधीच तळाच्या जवळ असतो, फट लहान होते, आवाज कमी येतो. लिफ्टर मात्र तेवढाच गळका राहतो. त्याच वेळी शेजारचे चांगले लिफ्टर विनाकारण खोल दाबले गेले. त्यातल्या एखाद्याचा प्लंजर तळाला टेकला असेल तर गरम झाल्यावर लांबलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. थरथर तिथून येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला देऊन थंड होतो. तो अर्धवट उघडा राहून चालला की कड जळायला फार दिवस लागत नाहीत.

दीड फेऱ्यात प्लंजर तळाला कसा जाईल, अशी शंका येईल. हिशोब करून पाहा. ३/८ इंची स्टडला इंचाला २४ आटे, म्हणजे एका फेऱ्याला नट १.०६ मिमी खाली येतो. पण नट दाबतो रॉकरच्या मधल्या टेकूला. व्हॉल्व्हचं टोक जागेवरच राहतं, त्यामुळे पुशरॉडकडचं टोक त्याहून जास्त खाली जातं. १.५ रेशोला (व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या दीडपट) ही वाढ १.६७ पट. म्हणजे एक फेरा म्हणजे प्लंजरवर सुमारे १.७६ मिमी, आणि दीड फेरा म्हणजे २.६ मिमीच्या वर. एका फेऱ्याला एक मिलिमीटर हे गणित सगळीकडे तोंडी असतं, पण ते नटाचं अंतर आहे, प्लंजरचं नाही. ७/१६ इंची स्टड असेल तर इंचाला २० आटे, एका फेऱ्याला प्लंजरवर २.१ मिमी.

त्यात पुशरॉड फिरवून शून्य, म्हणजे खेळ संपतो ती जागा, शोधलं, ही दुसरी भर. प्लंजरखालची स्प्रिंग इतकी हलकी असते की बोटांना ‘आता अडकतोय’ असं जाणवेपर्यंत प्लंजर बराच खाली गेलेला असतो, विशेषतः लिफ्टर नवीन किंवा रिकामा असेल तर. ती चूक दीड फेऱ्यात मिळवली की छोट्या धावेच्या लिफ्टरमध्ये तळाशी काही उरत नाही.

तर नटांना हात लावण्याआधी आवाज कुणाचा ते ठरवायचं.

डिपस्टिक पाहा, पातळी कमी आणि जास्त दोन्ही वाईट. पातळी वर गेली तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसातली हवा दाबली जाते, त्यामुळे वेग वाढवला की सगळे लिफ्टर एकदम वाजतात. नंतर मेकॅनिकल प्रेशर गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना मोजा, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना आडाखा या इंजिनाला अजून ठीक आहे. गरम आयडलला दाब फारच खाली जात असेल तर लिफ्टर बिचारे निर्दोष आहेत, बेअरिंग किंवा ऑइल पंपाकडे पाहा. जाड ऑइल काढून टाका आणि ठरलेल्या ग्रेडचं भरा. जाड ऑइल गळका लिफ्टर झाकतं आणि थंडीत बाकीच्यांना उपाशी ठेवतं.

मग ताल. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ७०० आरपीएमला एक व्हॉल्व्ह मिनिटाला ३५० वेळा, म्हणजे सेकंदाला सहाएक वेळा वाजतो. कानाला हे मोजता येत नसेल तर टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या वायरला लावा. डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनात ती क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा चमकते. टक प्रत्येक चमकेला एक येत असेल तर आवाज कॅमच्या वेगाचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या साखळीतला. एका चमकेला दोन येत असतील तर क्रँकच्या वेगाचा, मग कनेक्टिंग रॉड, पिस्टन किंवा फ्लायव्हीलकडे संशय न्या. वेस्टेड स्पार्क इग्निशन (प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकणारं) असेल तर लाइट प्रत्येक फेऱ्याला चमकते, तिथे हा हिशोब उलटतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते आणि कॅमच्याच तालावर वाजते. पण ती थंडपणी जोरात असते, लोखंड गरम होऊन फट मिटली की दबते, आणि जोडावर काजळीची रेघ सोडते. तुमचा आवाज याच्या उलट गरमपणी येतो, म्हणून ती शक्यता मागे पडते, तरी हेड काढलं होतं तेव्हा मॅनिफोल्डचे बोल्ट एकदा पाहाच. पिस्टन स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरवर आपटण्याचा आवाज, तोही थंडपणीच जास्त. रॉड नॉक (कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका) गरम झाल्यावर वाढतो, पण तो जड, खोलातून येतो, आणि त्या सिलिंडरची प्लग वायर काढली की बदलतो. टॅपेटच्या आवाजाला प्लग वायरशी सहसा देणंघेणं नसतं.

आवाज कधी येतो यावरूनही बरंच कळतं. रात्रभर उभी राहिल्यावर पहिले काही सेकंद खडखड होऊन शांत झाली तर बहुधा उघड्या व्हॉल्व्हखालचे लिफ्टर रात्री रिते झाले होते, किंवा ऑइल फिल्टरचा परतीचा व्हॉल्व्ह धरत नाही. ती काळजीची गोष्ट नाही. गरम आयडलला वाजून १२००-१५०० आरपीएमला गप्प बसणारा आवाज म्हणजे पातळ झालेलं ऑइल ज्याच्यातून भरण्यापेक्षा वेगाने गळतं असा लिफ्टर, किंवा एकूणच कमी दाब. वेग कितीही असो, एकसारखा टकटकणारा म्हणजे पूर्ण बसलेला लिफ्टर, वाकलेला पुशरॉड, झिजलेला रॉकर किंवा चपटा झालेला लोब. जोरात पळवून आयडलला आणल्यावर क्षणभर मिसफायर होऊन ठीक होणं, हे लिफ्टर पंप-अपचं लक्षण. स्प्रिंग कमजोर पडून व्हॉल्व्ह तरंगला की मधला खेळ प्लंजर वर येऊन भरतो, आणि नंतर ऑइल गळेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. प्रीलोड जितका खोल, तितकी प्लंजरला वर यायला जागा जास्त.

तुमचं वर्णन गरम आयडल आणि एकच बाजू, म्हणून पहिला संशय एकदोन गळक्या लिफ्टरवर. आणि हेडचं काम नुकतंच झालं आहे. जुनं गॅस्केट खरवडताना किंवा घासचकतीने साफ करताना उडालेला कण लिफ्टरच्या व्हॅलीत (दोन बाजूंच्या सिलिंडरमधल्या खाचेत) पडला, ऑइलबरोबर फिरून चेक व्हॉल्व्हखाली अडकला, तर नेमकं असंच होतं. घासचकतीची पूड तर बेअरिंगही खाते. ऑइल आणि फिल्टर बदलून, जुना फिल्टर कापून कागदात काय चमकतंय ते बघा.

नक्की कोणता लिफ्टर, हे असं शोधा. रॉकर कव्हर काढून इंजिन गरम आयडलला चालू द्या. ऑइल उडेल, म्हणून वरची बाजू कापलेलं जुनं कव्हर किंवा रॉकरच्या छिद्रावर बसणाऱ्या क्लिपा वापरा आणि तापलेल्या एक्झॉस्टवर चिंधी ठेवू नका. ०.१ ते ०.२ मिमीची फीलर पट्टी एकेका रॉकरच्या टोकाखाली, व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावर सरकवा. ज्या ठिकाणी पट्टी गेल्यावर टक थांबते किंवा मऊ पडते, तो तुमचा गुन्हेगार. इंजिन बंद केल्याबरोबर तोच व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून रॉकरची पुशरॉडकडची बाजू अंगठ्याने दाबा. चांगला लिफ्टर कडक लागतो, गळका किंवा हवा भरलेला स्पंजासारखा दबतो.

लिफ्टरला दोष देण्याआधी त्या रॉकरवर तीन गोष्टी तपासा, कारण त्या फुकटात सुटतात. एक, नट. हे नट आट्यांवर घट्ट बसण्यावरच टिकून असतात. वारंवार काढघाल झालेला नट बोटांनी फिरायला लागला की चालत्या इंजिनात आपोआप वर सरकतो आणि लावलेला प्रीलोड निघून जातो, तो बदलाच. दोन, स्टड. या हेडमधले मूळ स्टड दाबून बसवलेले असतात. जड स्प्रिंगमुळे किंवा सैल छिद्रामुळे एखादा स्टड हळूहळू वर येतो आणि तोच रॉकर परत परत सैल पडतो. सगळ्या स्टडच्या टोकांवर सरळ पट्टी ठेवली की वर आलेला लगेच दिसतो. तीन, लोब. रॉकर काढून पुशरॉडवर डायल गेज टेकवा आणि क्रँक फिरवून प्रत्येक लोबची उचल लिहून ठेवा. इनटेकच्या इनटेकशी, एक्झॉस्टच्या एक्झॉस्टशी तुलना करा. एखादी ०.१५ मिमीपेक्षा जास्त कमी भरली तर लोब गेला. त्यावर प्रीलोडचा कोणताही आकडा चालणार नाही. मोजताना लिफ्टर गळका असेल तर गेज फसवतो, म्हणून रॉकर काढूनच मोजायचं, नाहीतर प्लंजर दबून उचल कमी दिसते.

आता लावणी. नट सगळे ढिले करा, फक्त एका बाजूचे नाही. प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. पहिल्या सिलिंडरला कॉम्प्रेशनच्या शेवटी वरच्या बिंदूवर आणा, म्हणजे पुलीवरची खूण शून्यावर आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. खूण शून्यावर असूनही रॉकर हलत असतील तर तुम्ही सहाव्याच्या फायरिंगवर आहात, पूर्ण एक फेरा फिरवा. या जागी १, ३, ४, ८ चे एक्झॉस्ट आणि १, २, ५, ७ चे इनटेक लागतात. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून सहाव्यावर आणा, मग २, ५, ६, ७ चे एक्झॉस्ट आणि ३, ४, ६, ८ चे इनटेक. ही दोन जागांची पद्धत मूळ कॅमला पुरते. लांब मुदतीचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असेल तर यातले काही लिफ्टर लोबच्या उतारावर असतात, तिथे ही पद्धत चुकवते.

त्यापेक्षा कुठल्याही इंजिनला, कुठल्याही फायरिंग ऑर्डरला चालणारी रीत अशी: एकेक सिलिंडर घ्या. क्रँक सरळ दिशेने फिरवत त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला नुकती सुरुवात झाली की थांबा आणि इनटेक लावा. पुढे फिरवा, इनटेक पूर्ण उघडून जवळपास बंद होत आला की थांबा आणि एक्झॉस्ट लावा. वेळ थोडा जास्त जातो, शंका राहत नाही.

शून्य शोधताना पुशरॉड फिरवू नका. तो दोन बोटांत धरून वरखाली करा. खेळ असेपर्यंत बारीक टिकटिक जाणवते. नट अगदी सावकाश आवळत जा, आणि ज्या क्षणी ती टिकटिक नाहीशी होते तिथे थांबा. ते शून्य. फिरवताना अडकणं त्यानंतर, बऱ्याच उशिरा येतं. नटावर मार्करने रेघ ओढा, म्हणजे पुढचा फेरा डोळ्यांनी मोजता येतो.

मूळ कॅम, लोखंडी हेड आणि साधे लिफ्टर असतील तर अर्धा फेरा द्या, म्हणजे प्लंजरवर जवळजवळ ०.९ मिमी. पाऊण फेराही चालतो. जुन्या सर्व्हिस पद्धतीत पूर्ण एक फेरा सांगत, तोही धावेत बसतो, पण शून्य नीट सापडलं असेल तरच. माझं मत अर्ध्याकडेच झुकतं: वर झिजेला जागा राहते, खाली तळ लांब राहतो, पंप-अप झाला तरी कमी. शॉर्ट ट्रॅव्हल लिफ्टर (प्लंजरची धाव कमी असलेले) असतील तर हे आकडे विसरा आणि डब्यावर दिलेलाच प्रीलोड ठेवा. अॅल्युमिनियमच्या इंजिनात आणखी एक गोष्ट धरावी लागते. अॅल्युमिनियम स्टीलच्या पुशरॉडपेक्षा जवळपास दुप्पट वाढतं, त्यामुळे १९० मिमीच्या उंचीला ७० अंश तापमान चढलं की प्रीलोड सुमारे ०.१५ मिमीने कमी होतो. थंडपणी अगदी काठावर लावलेलं असेल तर गरमपणी वाजणार.

लिफ्टर ऑइलने भरलेले असतील तर नट आवळल्यावर प्लंजर लगेच दबत नाही, उलट व्हॉल्व्हच उघडतो. म्हणून पाव पाव फेरा द्या आणि मध्ये थांबा. सगळं झाल्यावरही पंधरावीस मिनिटं जाऊ द्या, मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. स्टार्टर त्यानंतरच. चालत्या इंजिनात लावायचं असेल तर नट टक वाजेपर्यंत ढिला करा, आवाज नुकता थांबेल तिथवर आवळा, आणि मग पाव पाव फेरा देत प्रत्येक वेळी इंजिन पुन्हा सुरळीत होईपर्यंत दहाएक सेकंद थांबा. थरथर दहा सेकंदांत जायला हवी. जात नसेल तर प्लंजर तळाला आहे.

ज्या इंजिनात रॉकर ठरावीक टॉर्कला आवळून बसतात, नट लावायची सोयच नाही, तिथे प्रीलोड पुशरॉडच्या लांबीने ठरतो आणि हेड फेसिंगचा परिणाम थेट दिसतो. हेडचे ०.२५ मिमी काढले की प्रीलोड तेवढाच वाढतो. जाड गॅस्केटने तेवढाच घटतो. सीट घासून व्हॉल्व्ह आत बसला तर त्याचं टोक वर येतं, आणि ते अंतर रॉकर रेशोने भागून प्रीलोडमध्ये मिळवा. कॅम पुन्हा घासून गोल पाठ लहान केली असेल तर लिफ्टर खाली बसतो, प्रीलोड कमी होतो. मोजायला सोपं आहे: रॉकर शून्य खेळावर बोटाने टेकवून पुशरॉडवर हेडच्या कडेशी रेघ मारा, टॉर्क देऊन दुसरी रेघ मारा, मधलं अंतर म्हणजे प्रीलोड. ०.५ ते १.५ मिमीच्या बाहेर गेलं तर वेगळ्या लांबीचे पुशरॉड मागवा. रॉकरखाली वॉशर घालून जुळवण्याचा मोह टाळा, व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावर रॉकर सरकण्याची जागा बिघडते. ओव्हरहेड कॅमच्या हायड्रॉलिक बकेटमध्ये लावायला काहीच नसतं. तिथे कॅमची पाठ बकेटकडे आणून, बकेट लाकडी दांड्याने दाबून, फीलर घालायची. ०.२ मिमीची पट्टी गेली तर बकेट बदलायची.

सगळं नीट लावूनही तोच लिफ्टर वाजत असेल तर तो काढावा लागेल, आणि त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागेल. प्रत्येक लिफ्टर ज्या भोकातून निघाला त्याच्या क्रमांकासह ठेवा. साफ करायला उघडलात तर प्लंजर आणि बॉडीची जोडी बदलू देऊ नका, मधली फट जोडीने जुळवलेली असते. लिफ्टरचा खालचा चेहरा सरळ पट्टीच्या कडेवर धरा. तो किंचित फुगीर असायला हवा, मध्ये उजेड दिसला तर झिजला आहे. वापरलेला फ्लॅट लिफ्टर दुसऱ्या लोबवर कधीही बसवू नका. नवीन लिफ्टर जुन्या, पण उचल बरोबर भरणाऱ्या लोबवर चालतो. त्याच्या चेहऱ्याला कॅम पेस्ट लावा, झिंक जास्त असलेलं ऑइल भरा, डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने पंप फिरवून प्रत्येक रॉकरवर ऑइल येईपर्यंत दाब भरा. इंजिन सुरू झाल्या झाल्या आयडलला न ठेवता वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वेग बदलत चालवा.

शेवटी गरम इंजिनवर सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि मॅनिफोल्डची व्हॅक्यूम मोजा. व्हॅक्यूमचा काटा स्थिर असेल तर व्हॉल्व्ह बसत आहेत. ठरावीक तालात खाली झटका देत असेल आणि त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरत असेल, तर तो नट पूर्ण ढिला करून पुन्हा मोजा. कॉम्प्रेशन परत आलं तर प्रीलोड अजून खोल आहे. आलं नाही तर त्या दीड फेऱ्याच्या दिवसांत व्हॉल्व्ह जळला आहे, आणि हेड पुन्हा उतरवावं लागेल.